कर्णा ऐकू येतो, शब्द नाही

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला लँकेस्टर हा शेतीवाडीचा आणि जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथांचा मुलूख. त्यातल्या मॅनहाइम या लहानशा गावी २००३ साली ‘ऑगस्ट बर्न्स रेड’ हा तरुणांचा वाद्यवृंद उभा राहिला. ‘थ्रिल सीकर’ (२००५) ही त्यांची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका. हेवी मेटलचे गिटारवादन आणि हार्डकोअर पंकचा आवेश यांच्या मिश्रणाला मेटलकोअर म्हणतात. आमच्या घरांतल्या तरुण मुलांच्या कानांवर हे संगीत केव्हाच येऊन पोचले आहे. तेव्हा ‘हा नुसता गोंगाट’ असे म्हणून दार लावून घेण्यात अर्थ नाही.

गोंगाट तो नव्हेच. मॅट ग्रायनर याचे ड्रमवादन ऐकावे. लय मोडल्याचा भास होतो, पण मात्रा हलत नाही. जे. बी. ब्रूबेकर आणि ब्रेंट रॅम्बलर यांच्या दोन गिटारी एकमेकींच्या पाठीमागे न धावता परस्परांना उत्तरे देतात. ‘किलस्विच एंगेज’चा अॅडम डुटकिविट्झ निर्माता असल्याने एवढ्या गर्दीतही प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते. पहिल्याच पूर्ण मुद्रिकेत हा रियाझ दिसावा, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

उणीव आहे ती गळ्यात. जॉश मॅकमॅनेस जवळजवळ सर्वत्र किंचाळतो. संताप, पश्चात्ताप, आशा या साऱ्यांना एकच पट्टी. वेग एकाएकी मंदावून घणाचे घाव घालणारा ‘ब्रेकडाउन’ पहिल्यांदा अंगावर येतो; पुन्हापुन्हा आल्यावर आपण त्याची वाटच पाहू लागतो आणि धक्का संपतो. एका गाण्याचे नाव आहे ‘द सेव्हन्थ ट्रम्पेट’. बायबलच्या प्रकटीकरणातला तो सातवा कर्णा. कर्णा ऐकू येतो, पण तो काय सांगतो हे कळायला छापील शब्द समोर धरावे लागतात. इतर मेटलवाल्यांना हे माफ करता येईल. श्रद्धा हाच ज्यांच्या गाण्याचा पाया, त्यांना कसे करावे?

यावर कोणी म्हणेल, किंकाळी हीच या प्रकाराची भाषा आहे. मान्य. स्तोत्रसंहितेतला भक्तही देवाकडे आक्रोशच करतो. पण तो आक्रोश थांबतो, निवतो, पुन्हा उसळतो. म्हणून तो खरा वाटतो. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचले आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग हाती घेतला. दोघांनीही साचा उसना घेतला, पण त्या साच्यात शब्द गुदमरू दिला नाही. लोकप्रिय साचा वापरण्यात पाप नाही. साच्याने आशय गिळावा, हे मात्र चालणार नाही.

२००६ मध्ये मॅकमॅनेस बाहेर पडला आणि जेक लुअर्स आला. ‘मेसेंजर्स’मध्ये (२००७) त्याच्या भरदार, खालच्या आवाजाने गाण्यांना खोली दिली. पुढे २०१६ आणि २०१८ च्या ग्रॅमी पुरस्कारांसाठी त्यांना नामांकनेही मिळाली. त्या वाटचालीचे बीज ‘थ्रिल सीकर’च्या वाद्यांत आहे, गळ्यात नाही. मुलांना ही मुद्रिका ऐकू नका असे मी सांगणार नाही. शब्द हाती घेऊन ऐका, एवढेच सांगेन.