निषेधाच्या मसुद्यातलं गाळलेलं नाव

२३ एप्रिल २०२५ची संध्याकाळ. डोंबिवली पश्चिमेच्या भागशाळा मैदानाबाहेर मी गर्दीत उभा होतो. आदल्या दिवशी पहलगामजवळ बैसरन खोऱ्यात २६ जणांना गोळ्या घालून मारलं होतं. त्यातले तिघे डोंबिवलीचे. माझी त्यांच्याशी ओळख नव्हती. तिथल्या बहुतेकांची नसावी. तरी सगळे आले होते.

शेजारी सत्तरीचे एक काका होते. माझ्या हातातला मोबाइल बघून त्यांनी विचारलं, "काय रे, अमेरिका काय म्हणाली?"

ट्रम्प यांची पोस्ट समोरच होती. मी थोडक्यात सांगितलं. बातमी अस्वस्थ करणारी आहे, दहशतवादाविरुद्ध अमेरिका भारतासोबत ठाम उभी आहे, मृतांसाठी प्रार्थना करतो.

काकांनी मान हलवली. "बरं. मग करणार काय?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून मित्रदेशांची निषेधाची पत्रकं मी नीट वाचायला लागलो. हा लेख म्हणजे त्या मजकुराची समीक्षा आहे. साहित्याचा माणूस नाही मी, कोड वाचून पोट भरतो. त्यामुळे वाचायची पद्धतही तीच.

पहिली गोष्ट : निषेध हा टेम्प्लेट असतो. धक्का, तीव्र निषेध, कुटुंबीयांप्रति संवेदना, जखमींना बरं वाटावं ही इच्छा, आणि शेवटी 'आम्ही तुमच्यासोबत आहोत'. देशाचं नाव बदललं की काम झालं. यावर हसणं सोपं आहे, पण मी हसणार नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी गेल्याचं कळलं की 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या पन्नास ओळी येतात, सगळ्या सारख्या. तिथे आपण शब्दांचं नावीन्य शोधत नाही. कुणाचा मेसेज आला आणि कुणाचा नाही, हे मात्र घरातले लोक बरोबर लक्षात ठेवतात.

म्हणून टेम्प्लेट कुठे बदललंय ते बघायचं. आमच्या कामात याला 'डिफ' म्हणतात. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवायची, म्हणजे काय आलं आणि काय गेलं ते दिसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दोन निवेदनं अशी शेजारी ठेवा. पहिलं फेब्रुवारी २०१९चं, पुलवामानंतरचं. त्यात जैश-ए-महंमदचं नाव आहे आणि सगळ्या देशांनी भारत सरकार व इतर संबंधित यंत्रणांना सहकार्य करावं, असं आवाहन आहे. दुसरं २५ एप्रिल २०२५चं, पहलगामनंतरचं. हल्ल्याची जबाबदारी आधी घेणाऱ्या आणि मग नाकारणाऱ्या 'द रेझिस्टन्स फ्रंट' म्हणजे टीआरएफचं नाव त्यात नाही. आणि सहकार्य करायचं ते फक्त 'सर्व संबंधित यंत्रणांना'. 'भारत सरकार' हे दोन शब्दही गेले.

हे चुकून झालेलं नाही. अशा निवेदनाला परिषदेच्या पंधराही सदस्यांची संमती लागते आणि २०२५मध्ये पाकिस्तान त्या पंधरांत होता. टीआरएफचं नाव आपण काढायला लावलं, हे त्यांचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी स्वतःच्या संसदेत उघडपणे सांगितलं. म्हणजे पाकिस्ताननं हट्ट धरला आणि निवेदन अडकण्यापेक्षा ते नावाशिवाय निघालेलं बरं, हे बाकीच्या चौदांनी मान्य केलं. त्या चौदांत आपले मित्रही होते.

आता काकांच्या प्रश्नातली अमेरिका. ३० एप्रिलला परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी एकाच दिवशी दिल्ली आणि इस्लामाबाद दोन्हीकडे फोन केले. भारताकडे शोक व्यक्त केला आणि तणाव कमी करायला सांगितलं. पाकिस्तानला तपासात सहकार्य करायला सांगितलं. जूनमध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख व्हाइट हाउसमध्ये जेवले. आणि जुलैमध्ये त्याच अमेरिकेनं टीआरएफला परदेशी दहशतवादी संघटना म्हणून जाहीर केलं. मुंबईवरच्या २००८च्या हल्ल्यानंतर भारतातल्या नागरिकांवरचा हा सर्वांत भीषण हल्ला, असंही त्या पत्रकात म्हटलं होतं. जेवण झालं, बंदीही आली. मैत्री ही हो किंवा नाही अशी दोनच उत्तरं असलेली गोष्ट नसते, हे मला या तीन महिन्यांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्यावर कळलं.

रुबियोंच्या दोन फोनांवर माझा राग होता, तो आता थोडा उतरलाय. दोन अण्वस्त्रधारी देशांना 'शांत राहा' म्हणणं हेही मित्राचं काम असू शकतं. युद्ध पेटलं असतं तर डोंबिवली काही जास्त सुरक्षित झाली नसती. पण शांत राहायला सांगणं वेगळं आणि कुणी मारलं हे न सांगणं वेगळं. पहिलं केलं म्हणून दुसरं माफ होत नाही.

मित्राचा खरा कस अनेक वर्षांनी लागतो. २६/११च्या टेहळणीसाठी मुंबईत फिरलेला डेव्हिड हेडली अमेरिकन नागरिक. २०१०मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला, बदल्यात त्याला भारताच्या ताब्यात देणार नाही असं ठरलं. ३५ वर्षांची शिक्षा झाली, ती तिकडेच. २०१६मध्ये मुंबईच्या कोर्टानं त्याला पाहिलं ते व्हिडिओवर. त्याचा साथीदार तहव्वूर राणा मात्र अखेर भारतात आणला गेला, १० एप्रिल २०२५ला. हल्ल्याला सोळा वर्षं उलटून गेल्यावर, आणि पहलगामच्या बारा दिवस आधी. १६६ माणसं गेलेल्या हल्ल्यावर मित्राचं उत्तर म्हणजे एक व्हिडिओ कॉल आणि एक विमान. दोन्ही खरं, दोन्ही अपुरं.

इथेच थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. पण तोच डिफ आपल्या सरकारच्या मजकुरालाही लावायला हवा.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला. मोदींनी त्याच दिवशी धक्का व्यक्त केला, इस्रायलसोबत असल्याचं सांगितलं. २७ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझाविषयीचा ठराव आला. त्यात हमासचं नाव घालायची दुरुस्ती कॅनडानं मांडली. भारतानं तिच्या बाजूनं मत दिलं, ती फेटाळली गेल्यावर मूळ ठरावावर तटस्थ राहिला. मात्र आपली भूमिका सांगणाऱ्या भारताच्या निवेदनात दहशतवादी हल्ल्याचा निषेध होता, हमासचं नाव नव्हतं. आपल्या बंदी घातलेल्या संघटनांच्या यादीतही तेव्हा हमास नव्हती.

याला कारणं आहेत. पॅलेस्टाईनशी जुनं नातं, आखाती देश, तिथे राबणारी आपली लाखो माणसं. कारणं खरीच आहेत. पण सुरक्षा परिषदेतल्या त्या चौदांकडेही कारणं असणारच. आपण नाव गाळलं की तो मुत्सद्दीपणा आणि त्यांनी गाळलं की दगा, असं वाचन मला जमेना.

आमच्या अमेरिकन क्लायंटच्या मॅनेजरनं २४ एप्रिलच्या कॉलवर दोन वाक्यांत दुःख व्यक्त केलं आणि मग रिलीजची तारीख विचारली. मी मनात चिडलो. त्या रात्री कल्याण लोकलमध्ये आठवलं, मार्च २०२४मध्ये मॉस्कोच्या कार्यक्रमाच्या सभागृहात १४०हून अधिक माणसं मेली तेव्हा ती बातमी मी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर अंगठ्यानं वर सरकवली होती. माझ्याकडून तर दोन वाक्यंही गेली नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी 'तीव्र निषेध' असा स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. नाव घेतलंय का? पुढे काय करणार ते लिहिलंय का? आणि त्याच आठवड्यात दुसरा फोन कुणाला गेला?

ते काका पुन्हा दिसले नाहीत. दिसले तर सांगेन : काका, केलं थोडंसं. नाव घेतलं, पण तीन महिन्यांनी. यावरही ते 'बरं' म्हणतील आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतील. विचारायलाच हवा.