लक्षण कुणाचं, दोष कुणाचा?

मागच्या व्याख्यानानंतर एक आई भेटल्या. म्हणाल्या, “सर, माझ्या मुलाला स्वमग्न म्हणतात. पण तो तर दिवसभर पंख्याकडं बघतो, नळाच्या पाण्याशी खेळतो, माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकत बसतो. तो स्वतःत मग्न कुठं आहे?” तत्त्वज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आज त्यावरच बोलू.

आधी शब्द बघा. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं ‘ऑटिझम’ हा शब्द स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला. जगापासून तुटून आपल्याच विश्वात राहणं, हा त्याचा अर्थ. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन केलं आणि तोच शब्द त्यांना लावला. म्हणजे मुलं वेगळी, पण शब्द उसना. मराठीत आपण त्या ‘स्व’ला ‘मग्न’ही जोडून दिलं.

आता व्याख्या. आपले नैयायिक लक्षणाचे दोष सांगतात. गाय म्हणजे तांबूस प्राणी म्हटलं, तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. शिंगं असलेला प्राणी म्हटलं, तर म्हैसही आत येते; ही अतिव्याप्ती. हीच फूटपट्टी इथं लावू.

१९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी बाहुल्यांची एक चाचणी घेतली. एका बाहुलीची गोटी तिच्या माघारी दुसरीकडं ठेवली. परत आल्यावर ती कुठं शोधेल? वीस ऑटिस्टिक मुलांपैकी सोळा चुकली. त्यातून ‘यांना दुसऱ्याचं मन कळत नाही’ हे सूत्र रूढ झालं. पण चार मुलं बरोबर होती, त्यांचं काय? ही अव्याप्ती. आणि तीन वर्षांची बहुतेक मुलं याच चाचणीत चुकतात. खुणांची भाषा उशिरा मिळालेली बहिरी मुलंही अडखळतात. ही अतिव्याप्ती. चाचणी खोटी नाही हो. तिला व्याख्या करणं चुकलं.

२०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीनं ॲस्पर्गर वगैरे वेगळी नावं काढून एकच वर्णपट केला आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांबद्दलची संवेदनाही निकषांत घेतली. ही सुधारणाच. तरी पहिला निकष सामाजिक संवादातली उणीव हाच राहिला. आता मला सांगा, संवाद एकट्याचा असतो का? दोघांत तुटलं, तर उणीव एकाच्याच खात्यावर का मांडायची? स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली हेच मांडलं: न समजणं दुहेरी असतं.

म्हणून निदानच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला बोलता येत नाही, ज्याला कुकरची शिट्टी सोसत नाही, त्याचा त्रास केवळ आपल्या दृष्टिकोनातून आलेला नाही. आपल्याकडं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे लाभ प्रमाणपत्राशिवाय मिळत नाहीत. निदान हवंच. पण निदान मदतीचं दार उघडण्यासाठी असतं. माणूस किती आणि कसा, हे ठरवण्यासाठी नव्हे.

मराठीत ‘लक्षण’ म्हणजे व्याख्याही आणि रोगाची खूणही. आपण खुणा मोजतो आणि व्याख्या झाली असं समजतो, तिथं गफलत होते. त्या बाईंना मी एवढंच म्हणालो, “तुमचं निरीक्षण डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांच्या कागदावर ते नसेल.”