कुंभकोणमचा अभंग

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला तमिळ मंडळींच्या तोंडून अभंग ऐकला की आपल्याकडचा माणूस आधी भारावतो आणि लगेच उच्चार तपासायला लागतो. मला दोन्ही अपुरे वाटते. हा अभंग कुणी पेटीत जपून ठेवलेला नाही. तो दोनशे वर्षे एका रचनेच्या आत वाढला आहे, आणि समीक्षा करायची तर त्या रचनेसकट करायला हवी.

ती रचना म्हणजे दक्षिणेतली भजनपद्धती. बोधेंद्र आणि श्रीधर अय्यावाळ यांनी नामसंकीर्तनाचा पाया घातला. १८००च्या सुमारास कुंभकोणमलगतच्या मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी त्याला क्रम दिला. तोडयमंगलम, गुरुध्यान, गुरुअभंग, पुढे जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदास, पुरंदरदास. म्हणजे एका बैठकीत संस्कृत, मराठी, तेलुगू, कन्नड. आणि मराठी अगदी उंबरठ्याशी. क्रम ठरला म्हणून दार बंद झाले नाही. त्यागराज, गोपालकृष्ण भारती यांची पदे मागाहून आली आणि रांगेत बसली. जागा ठरलेल्या होत्या म्हणूनच नव्याला कुठे बसायचे ते कळले, असे मी म्हणेन.

पण अभंगच का टिकला? तंजावरला मराठी काही कमी नव्हती. १६७६ ते १८५५ तिथे भोसल्यांचे राज्य. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) मराठीत नाटके लिहिली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांतले एक. आपल्या नाट्येतिहासात त्यांचा मान मोठा, पण आज ती भेटतात ग्रंथालयात. त्यांना दरबार लागत होता. दरबार गेला आणि प्रयोग थांबले. भजनात मात्र भागवतर नामावळी टाकतो, बसलेले ती उचलतात, आणि त्यांनी कशी उचलली यावर पुढची लय ठरते. जे पद लोकांना परत म्हणता येत नाही ते हळूहळू मागे पडते. अभंगाचे आखूड चरण, यमक, फिरून येणारे ध्रुपद या कामाला आयतेच होते. वारीत टाळकऱ्यांसाठी घडलेला गुण कावेरीकाठी वेगळ्याच भाषेच्या लोकांना उपयोगी पडला.

याची किंमतही आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, म्हणून भजनाच्या पुस्तकांत अक्षरांवर बारीक आकडे घालतात; गाताना ते आकडे विसरले जातात आणि ‘ख’चा ‘क’ होतो. (‘ळ’ मात्र पुण्यातल्या पुष्कळांपेक्षा स्वच्छ येतो!) उच्चाराचे हे मी सोडून देईन. माझी तक्रार निवडीबद्दल आहे. जमावाने उचलायचे म्हणजे नाममहिमा, रूपवर्णन, गुरुस्तुती यांना झुकते माप मिळणार. देवाशी भांडणारा, स्वतःलाच फैलावर घेणारा तुकाराम या रांगेत सहज मावत नाही. त्याच्या अभंगाला अर्थ कळणारा श्रोता लागतो, नुसता साथ देणारा नव्हे.

हल्ली कर्नाटक मैफलींच्या उत्तरार्धात अभंग हटकून येतो. गायकी तयारीची असते, सभागृह डोलते. पण तिथे मागून कुणी म्हणत नाही. गुरुध्यानानंतरची त्याची जागाही उरत नाही, आणि कुणाही गायकाच्या हाती तो एक रंगतदार तुकडा होतो. उच्चार तिथे बहुधा अधिक शुद्ध असतात. तरी मला गोविंदपुरमचा ‘क’ जवळचा वाटतो.