तीज, घट आणि मांडणशिल्प : सजीव माध्यमाच्या समीक्षेचा एक प्रश्न

सजीव वनस्पती हेच माध्यम मानून रचलेल्या मांडणशिल्पाची चर्चा आपल्याकडे बहुधा पाश्चात्त्य उदाहरणांवरून होते. ॲग्नेस डेनिस या कलावतीने १९८२ साली न्यूयॉर्क येथील मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, भर घालून तयार केलेल्या दोन एकर जमिनीत गहू पेरला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याची कापणी केली. त्याच वर्षी योझेफ बॉइस याने जर्मनीतील कासेल नगरात सात हजार ओक वृक्ष, प्रत्येकाशेजारी एक बेसाल्टचा स्तंभ उभारून, लावण्यास आरंभ केला. १९८६ मध्ये त्याचा मृत्यू झाला व पुढील वर्षी शेवटचे झाड लागले. काळ हा कलाकृतीचा घटक होतो, आणि कृती कर्त्याच्या हातून सुटून वाढीच्या स्वाधीन होते, हे या प्रयोगांचे नावीन्य म्हणून सांगितले जाते. हे नावीन्य कितपत खरे, याची परीक्षा हिंगोली जिल्ह्याच्या परिसरात चांगली होऊ शकते.

१९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. श्रावणात तेथे तीज साजरी होते. नायकाच्या अनुमतीने अविवाहित मुली बांबूच्या टोपल्यांत माती व खत भरून त्यांत भिजविलेला गहू पेरतात, टोपल्या एकत्र मांडतात आणि सामान्यतः नऊ दिवस रोज पाणी घालून त्यांभोवती गाणी म्हणत फेर धरतात. अखेरीस अंकुर उपटून वडीलधाऱ्यांना दिले जातात, पागोट्यांत खोवले जातात आणि उरलेल्यांचे वाहत्या पाण्यात विसर्जन होते. आश्विनात घरोघरी बसणाऱ्या घटाची रचनाही याच जातीची आहे. पत्रावळीवर वा टोपलीत माती, तीत पेरलेली धान्ये, मध्यभागी मातीचा घट, वर कारळ्याच्या वा तरवडाच्या पिवळ्या फुलांची रोज एक वाढती माळ. हा घट केवळ प्रतीक नव्हे. त्याच्या कच्च्या पाठीतून पाणी झिरपते व भोवतीची माती ओली राहते. म्हणजे रचनेचा मध्यबिंदूच तिचे पोषण करतो. देवघराच्या अंधुक प्रकाशात वाढल्यामुळे अंकुर हिरवे न होता फिकट पिवळे व लांबसडक होतात. दसऱ्याला टोपीत खोवलेल्या तुऱ्याचा तो विशिष्ट रंग अंधाराने दिलेला असतो. माध्यमाच्या गुणधर्मातून रूप निघावे, ही अपेक्षा येथे कोणी उच्चारलेली नाही, पण ती पूर्ण झालेली आहे.

तथापि, या साम्यावरून तीज हे मांडणशिल्पच होय असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. डेनिसच्या गव्हाचा अर्थ त्याच्या विस्थापनातून निर्माण होतो. अब्जावधी डॉलर मोलाच्या भूमीवर गहू उगवावा, ही विसंगतीच त्या कृतीचा आशय होय. तिजेचा गहू मात्र योग्य स्थळी, योग्य मासी उगवतो आणि त्याचा अर्थ या औचित्यातच असतो. पहिली कृती पाहणाऱ्याला थांबविते, दुसरी त्याला फेरात ओढते. दुसरा भेद जबाबदारीचा आहे. दालनातील रोप सुकले तर तेही क्वचित् कलाशय म्हणून खपते. टोपलीतील गहू विरळ उगवला तर मात्र पाणी घालणाऱ्या मुलीला तो अपशकुन वाटतो. २०१६ साली ज्या मराठवाड्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे पाणी हेच या रचनेतील सर्वांत महाग द्रव्य आहे, हे समीक्षकाने विसरता कामा नये.

तिसरा भेद अधिक अडचणीचा आहे. तीज घालण्याचा अधिकार अविवाहित मुलींचा असला, तरी अनुमती नायकाची असते आणि विधीचा आराखडा परंपरेने ठरलेला असतो. म्हणून येथे स्वतंत्र कलावतीचा शोध घेणे व्यर्थ होय. परंतु त्यावरून येथे अभिरुची नाही असे म्हणणे हाही तितकाच मोठा प्रमाद होईल. कोणाची तीज दाट आली, कोणाची सारखी वाढली, कोणाची एका बाजूला कलली, याची चर्चा टोपल्यांभोवती होतच असते. घनता, समता, उंची आणि ताजेपणा हे त्या चर्चेचे निकष होत. वाढीला वाढ म्हणून पाहणारी ही समीक्षा, सजीव कलाकृतीचे परीक्षण छायाचित्रावरून करणाऱ्या लेखनापेक्षा माध्यमाशी अधिक प्रामाणिक आहे.

या परंपरांसमोरचा खरा धोका निराळ्या ठिकाणी आहे. शहरांतून घटाची माती व धान्य पुडीत विकत मिळते. जिल्ह्याच्या शेतांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. पेरलेले बी आपल्याच शेतातले असावे, हा संबंध त्यामुळे सैल होत आहे. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या मंचावर तीज आली, की नऊ दिवस गळून पडतात आणि आयत्या वाढविलेल्या टोपल्या तेवढ्या उरतात. काळ हाच ज्या रचनेचा प्रमुख घटक, तिच्यातून काळ वजा केल्यावर अवशिष्ट राहते ती केवळ सजावट.

म्हणून समीक्षेचे कार्य तिजेला मांडणशिल्पाची पदवी देऊन गौरविण्याचे नाही. तिजेच्या निकषांनी मांडणशिल्पालाही तपासण्याचे आहे. या कृतीला पाणी कोण घालते? ती संपल्यावर तिचे अंकुर कोणाच्या मस्तकी जातात? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या सजीव कलाकृतीजवळ आहेत, तिलाच या मातीत रुजण्याचा अधिकार प्राप्त होईल.