सेव्ह केलेला आकडा तोच राहतो का?

सिम्युलेशनच्या कॉन्फिग फाइलमध्ये आपण टाइमस्टेप, तापमान, टॉलरन्स असे आकडे ठेवतो. फाइल सेव्ह करून पुन्हा उघडली की तेच आकडे परत मिळणार, हे आपण धरूनच चालतो. पण बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तसं होत नाही. माझी तक्रार अशी, की याला कोणी बग मानतच नाही.

नेमकं काय होतं ते बघू. डबल प्रिसिजनच्या आकड्याची अचूकता ५३ बिट्सची असते. फाइलमध्ये मात्र तो दशमान पद्धतीत, मजकूर म्हणून लिहिला जातो. सी++ ची आउटपुट स्ट्रीम, वेगळं काही सांगितलं नाही तर, फक्त सहा सार्थ अंक लिहिते. म्हणजे ३.१४१५९२६५३५८९७९३ चं ३.१४१५९ होतं. ना एरर, ना वॉर्निंग.

मग १५ अंक लिहिले तर? तरीही पुरत नाही. ०.१ आणि ०.२ ची संगणकाने केलेली बेरीज १५ अंकांत ०.३ अशी छापली जाते, पण ते ०.३ परत वाचलं की मूळ बेरजेपेक्षा किंचित वेगळा आकडा मिळतो. कुठलाही डबल जसाच्या तसा परत मिळण्याची हमी १७ अंक लिहिले तरच असते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचं एक सिम्युलेशन मधूनच पुन्हा सुरू केलं. मशीनमध्ये ०.५०६१२७ होतं, छापील कागदावर ०.५०६. त्यांनी कागदावरचा आकडा भरला, आणि पुढचं हवामान हळूहळू पूर्ण वेगळं होत गेलं. त्यातून केऑस थिअरीला दिशा मिळाली हे खरं, पण आपल्या प्रत्येक राउंडिंगमधून नवं शास्त्र निघणार नाही; निघेल तो पुन्हा न येणारा रिझल्ट.

दुसरा घोळ लोकेलचा. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. प्रोग्रॅमने जर्मन लोकेल लावलं असेल, तर सी चं एसटीआरटीओडी हे फंक्शन '०.५' मधलं शून्य वाचून बिंदूपाशीच थांबतं. अर्ध्याचं शून्य! आपल्याकडे दशांशचिन्ह बिंदूच असल्यामुळे हा बग आपल्या लॅबमध्ये दिसत नाही, परदेशातल्या सहकाऱ्याकडे दिसतो.

उपाय नवा नाही. सी९९ पासून हेक्साडेसिमल रूपात आकडा लिहिता येतो. तो अचूक असतो, पण हाताने बदलायच्या फाइलमध्ये अगदीच गैरसोयीचा. सरसकट १७ अंक लिहिले तर साध्या ०.१ चं ०.१०००००००००००००००१ होतं: बरोबर, पण वाचवत नाही. पायथनने ३.१ आवृत्तीपासून (२००९) चांगला मार्ग घेतला: तोच डबल परत देणारे सर्वांत कमी अंक लिहायचे. सी++१७ मधलं टू-कॅर्स तेच करतं, आणि लोकेलकडे बघतही नाही.

त्यामुळे सहा अंकांच्या डिफॉल्टला आता सबब उरलेली नाही. आपल्या कोडमध्ये एक टेस्ट घाला: आकडा लिहा, परत वाचा, आणि बिट-टू-बिट जुळतो का ते बघा. पेपरसोबत आपण कॉन्फिग फाइल देतो ती 'हाच प्रयोग केला' असं सांगायला. तिच्यातला आकडा वेगळा असेल, तर आपण दुसऱ्याच प्रयोगाची फाइल दिलेली असते.