‘स्मशानातील सोनं’ आणि खाणीचा हिशेब

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ ह्या कथेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बहुतेक लिखाण कोल्ह्यांविषयी आहे. रात्रीचे स्मशान, उकरलेले प्रेत, त्याच्या जबड्यात अडकलेली बोटे, हे चित्र इतके भेदक उतरले आहे की वाचकाचे भान तेथेच खिळते; आणि टीकाकारही ‘भयाण’, ‘दारिद्र्याचे विदारक दर्शन’ इत्यादी विशेषणे देऊन मोकळे होतात. विशेषणे खोटी नाहीत. परंतु ही कथा मुळात स्मशानाची नसून दगडाच्या खाणीची आहे, असे आमचे मत आहे; आणि ती तशी वाचली गेली नाही, ह्याचे कारण कथेत जितके आहे त्याहून अधिक आमच्या वाचण्याच्या सवयीत आहे.

कथानक सर्वांस ठाऊक आहे. वारणाकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी बायको व लाडकी नाबदा यांसह मुंबईस येतो. उपनगराजवळच्या रानात त्यास खाणीचे काम मिळते, आणि काही महिन्यांत ती खाण बंद पडते. मग राखेत सापडलेला सोन्याचा तुकडा, राख चाळण्याचा धंदा, पुढे पुरलेली प्रेते उकरणे, आणि अखेर दोन बोटांचा नाश. बोटे गेली त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते.

आता पाहावे की खाणीला कथेत जागा किती. अगदी थोडी. भीमा तेथे समाधानी आहे. त्याच्या अंगातली रग पहाडाशी झुंजते, एवढेच आपणांस कळते. दर काय होता, हजेरी कोण मांडीत होता, खाण कोणी व का बंद पाडली, शेवटच्या आठवड्याचे दाम हाती पडले की बुडाले, ह्यांपैकी कशाचाच पत्ता नाही. हा कथेतील उणेपणा होय, असे आम्ही म्हटले तर अण्णाभाऊंचे चाहते रागावतील. तरी म्हटलेच पाहिजे. ज्याने स्वतः मुंबईत अंगमेहनतीची कामे केली, त्या लेखकाने स्मशानातील प्रत्येक हालचाल मोजून लिहावी आणि खाणीतील एकही रुपया मोजू नये, हे नवल आहे.

गंगापूर तालुक्यात बसून ही कथा वाचणाऱ्यास हे नवल अधिकच बोचते. हे पठार काळ्या कातळाचे आहे. याच जातीचा कातळ शेजारच्या वेरुळास कोरून आठव्या शतकात कैलास लेणे झाले, आणि त्याचे कौतुक आम्ही थकेपर्यंत करतो. आज तोच कातळ सुरुंगाने फुटून खडी होतो आणि रस्त्यांत, वाळूजच्या कारखान्यांच्या पायांत जातो. फोडणाराची गणती दिवसांवर क्वचितच होते. माप ब्रासचे, म्हणजे शंभर घनफुटांचे, अथवा ट्रॅक्टरच्या खेपेचे. त्यात मुकादमाची उचल आधीच वळती झालेली असते. नवरा फोडतो, बायको भरते, आणि वहीत बहुधा नाव एकट्या नवऱ्याचे.

कायद्याने हे ओळखले नव्हते असे नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा झाला तेव्हाच त्याच्या परिशिष्टात दगड फोडणे व खडी करणे हा उद्योग घातला होता. त्याच्या १७ व्या कलमाने असेही ठरविले की, काम नगावर घेतले तरी, नगाचा किमान दर ठरलेला नसून वेळेचा ठरलेला असेल तर, दाम त्या वेळेच्या दरापेक्षा कमी असू नये. मात्र कमी पडलेला पैसा मागावयाचा तर अर्ज सहा महिन्यांच्या आत करावयाचा होता. हंगाम संपताच दुसऱ्या जिल्ह्यातील खाणीवर गेलेल्या टोळीस सहा महिने म्हणजे काहीच नव्हे. आणि पुराव्याची वही तर मालकापाशी! नव्या वेतनसंहितेने ती मुदत तीन वर्षांची केली. वही कोणाच्या घरी राहावी हे मात्र तिनेही बदललेले नाही.

सुरक्षिततेचीही तीच गत. १९५२ चा खाण कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या संहितेत विलीन होईपर्यंत चालू होता. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे, इमारती दगडाच्या उघड्या खाणीची खोली ६ मीटरांहून अधिक नसेल, एका दिवशी ५० हून अधिक माणसे नसतील आणि सुरुंगाची दारू वापरली जात नसेल, तर बहुतेक तरतुदींतून सूट मिळे. कागदावर सूट वाजवी दिसते. परंतु आमचा कातळ सुरुंगावाचून फुटत नाही, आणि सुरुंग लावणाऱ्या खाणीस सूट नाही. तिला निरीक्षक, अपघाताची सूचना, कडांचा उतार हे सारे लागू. निरीक्षकांची मुख्य कचेरी धनबादेस, कोळशाच्या मुलुखात, आणि खाण गावाबाहेरच्या माळावर. ह्या दोहोंमधील अंतरात काय काय हरवते, ते वाचकांस सांगावयास नको.

येथे कथेचा शेवट पुन्हा पाहावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची शक्ती शेकडा २० घटली असे धरले होते. हीच बोटे भीमाने खाणीत, दगडाखाली गमावली असती, तर निदान कायद्याच्या भाषेत त्यांस किंमत होती. कोणीतरी देणेकरी होता. ती गेली प्रेताच्या दाढांत, म्हणून त्यांचा देणेकरी कोणी नाही. खाण बंद करणारा कथेच्या बाहेर राहिला आणि जखम मात्र खाणीच्या हिशेबाबाहेर जाऊन पडली. अण्णाभाऊंनी हे योजून केले की अंगभूत कसबाने साधले, ह्याचा निकाल आम्ही देत नाही. पण वर ज्यास उणेपणा म्हटला त्याची भरपाई ह्या एका जागी झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. मालक दिसत नाही म्हणूनच तो सुटतो, आणि कथा ते सुटणे दाखविते.

कोणी म्हणेल की कथेकडून हिशेब मागणे ही अरसिकता आहे. आम्हांस तसे वाटत नाही. फरीदाबादेच्या दगडखाणींतील मजुरांविषयी एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले; न्यायालयाने पत्रासच याचिका मानले, चौकशीस माणसे धाडली आणि १६ डिसेंबर १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. तो आम्ही वाङ्मय म्हणून वाचला आहे. भोके पाडण्याचा व दारूचा खर्च मजुराच्याच दामातून वळता होत होता, ही एक बाब त्यात येते, आणि तिने काळजास जो चटका बसतो तो कोल्ह्यांच्या झुंडीने बसत नाही. ज्या सुरुंगाने जीव जावयाचा त्याचे मोलही त्यानेच भरावयाचे! अशी बाब मराठी कथाकाराच्या हातून निसटावी, हीच आमची तक्रार आहे.

गिरणीकामगारास वरेरकरांची ‘धावता धोटा’ लाभली. त्यास संप होता, संघटना होती, लेखकाच्या घराजवळ त्याची चाळ होती. खाणकामगाराचे पाल गावाच्याही बाहेर पडते. त्याच्यावर लिहू इच्छिणाऱ्यास आमची एकच सूचना: भीमाच्या कथेचा आरंभ पुन्हा वाचावा, आणि जेथे अण्णाभाऊ खाण सोडून स्मशानाकडे वळतात तेथे आपण न वळता खाणीतच थांबावे.