‘अक्करमाशी’तील संतामाय आणि दादा

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. तेव्हापासून त्यावरची चर्चा मुख्यतः बापाच्या नावाभोवती फिरते आहे. ते स्वाभाविकही आहे. बारा माशांचा तोळा, त्यात एक मासा कमी तो अक्करमाशी. आई महार, बाप लिंगायत पाटील. शाळेत नाव घालण्यापासून ते नाव आडवे येते. परंतु ज्याने जन्म दिला त्याच्याकडेच पाहत राहायचे आणि ज्यांनी पोराला जगवले त्यांना ‘इतर पात्रे’ म्हणून सोडून द्यायचे, ही समीक्षाही नकळत पितृसत्तेचीच पाठराखण करते.

या पोराला वाढवले संतामायने, म्हणजे आईच्या आईने. तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार हा दादा. तो मुसलमान, एस.टी. स्टँडवर हमाली करणारा. जात नाही, धर्म नाही, रक्त नाही. तरी आजोबाचे सगळे काम तो करतो. या नात्याची नोंद कोणत्याही सरकारी रकान्यात होणार नाही.

पांढरपेशा साहित्यातली आजी आपल्या ओळखीची आहे. समईचा उजेड, जपाची माळ, नातवाला गोष्ट. तिची माया खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण तिच्या घरात धान्याची कणगी भरलेली आहे, हे लेखक सांगायला विसरतो. संतामाय शेण गोळा करते. त्या शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे धुऊन, वाळवून दळते. त्या पिठाची भाकरी स्वतः खाते, नातवाला चांगल्या पिठाची देते. नातू हट्टाने तिच्यातला तुकडा मागतो आणि तोंडात शेणाचा वास भरतो. वर्गात हा भाग शिकवताना काही मुले नाक मुरडतात, काही खाली पाहतात. खाली पाहणारी कोणत्या घरची, ते मला विचारावे लागत नाही. इथे माया शब्दांत नाही, दोन भाकऱ्यांच्या फरकात आहे. या प्रसंगाला ‘बीभत्स रस’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्याला त्यातले वात्सल्य दिसलेच नाही, असे म्हणावे लागेल.

लिंबाळे आजीची देवी करत नाहीत, हे त्यांचे बळ. मर्यादाही सांगितली पाहिजे. लिहिणारा हात नातवाचा आहे. संतामाय आपल्याला भेटते ती त्याच्या भुकेतून आणि त्याच्या प्रश्नांतून. गावाच्या तोंडावर परधर्मीय माणसासोबत संसार करणाऱ्या या बाईला त्या संसाराबद्दल काय वाटत होते? हातात पाटी नसलेल्या पिढीचे हे म्हणणे पहिल्या शिकलेल्या पिढीने विचारून घ्यायला हवे होते. दादाच्या बाबतीत तर हा प्रश्न अजून कोणी नीट मांडलेलाही नाही.